फ्रीझरमध्ये वर्षभर राहिलेला मासा खावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रीझर साफ करताना तळाशी माशांची दोन पाकिटं सापडली. एकात बांगडे, दुसऱ्यात पांढऱ्या मांसाच्या माशाच्या तुकड्या. दोन्ही साधारण १४ महिन्यांपूर्वी ठेवलेली. पाकिटांत बर्फाचा चुरा जमलाय, काही तुकड्यांच्या कडा पांढऱ्या पडल्यात. खाता येतील, की टाकून द्यायचे? शिवाय कुणीतरी सांगितलंय की तीन महिने उलटले की गोठवलेला मासा विषारी होतो. ते खरं का?

मासे गोठवणं आणि गोठवलेले मासे तपासणं यातच माझी उमेदीची वर्षं गेली, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. म्हणून आधी उत्तर देतो, मग कारणं. मासा उणे १८ अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली कायम गोठलेला राहिला असेल, तर निव्वळ १४ महिने झाले म्हणून तो विषारी होत नाही. चवीला उतरतो, कधी इतका उतरतो की घास पुढे जात नाही. पण ज्या गोठवलेल्या माशाने माणूस आजारी पडतो, तो बहुतेक वेळा आत जाण्याआधीच बिघडलेला असतो, नाही तर मधे वितळून पुन्हा गोठलेला असतो, किंवा बाहेर काढल्यावर ओट्यावर तासन्‌तास पडलेला असतो. लोक महिने मोजत बसतात आणि या तीन गोष्टींची चौकशी कुणी करत नाही.

माशाच्या मांसात ७० ते ८० टक्के पाणी असतं. उणे १-२ अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं, उणे ५ पर्यंत त्यातला बराच मोठा भाग बर्फ होतो आणि उणे १८ ला जवळपास ९० टक्के. उरलेलं थोडं पाणी क्षारांनी इतकं दाट झालेलं असतं की जिवाणूंना ते वापरता येत नाही. उणे १० च्या खाली त्यांची वाढ थांबते. म्हणूनच अमेरिकेचं कृषी खातं स्पष्ट सांगतं की उणे १८ ला ठेवलेलं अन्न सुरक्षिततेच्या दृष्टीने अमर्याद काळ टिकतं. तक्त्यांत जे महिने छापलेले असतात ते दर्जासाठी असतात. तीन महिन्यांची गोष्ट बहुधा अशाच एखाद्या तक्त्यातून आली असावी, कारण तेलकट माशांसाठी तिथे २ ते ३ महिने लिहिलेलं असतं. तो आकडा चवीचा आहे, विषाचा नाही.

मात्र जिवाणूंची वाढ थांबते म्हणजे ते मरतात असं नाही. काही मरतात, पुष्कळसे तग धरून राहतात आणि मासा वितळला की पुन्हा कामाला लागतात. लिस्टेरियासारखा जंतू तर फ्रिजमधल्या ४ अंशांतही हळूहळू वाढतो. फ्रीझर माशाला स्वच्छ करत नाही. ज्या अवस्थेत मासा आत गेला, त्याहून चांगला होऊन तो कधीच बाहेर येणार नाही. खूप दिवस बर्फाशिवाय राहिलेली, 'आता शिजवायला नको, फ्रीझरमध्ये टाकून देऊ' म्हणून ठेवलेली मासळी एका आठवड्याने काढली तरी वाईटच. बोटीवरच बर्फात घालून त्याच दिवशी झपाट्याने गोठवलेली मासळी वर्षाने काढली तरी खाण्याजोगी निघू शकते.

आता तुमच्या बांगड्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण खरी काळजी तिथे आहे.

बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेल्यानंतर तो काही तासांत नीट थंड झाला नाही, तर काही जिवाणू त्या हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात. हे हिस्टामिन एकदा तयार झालं की जात नाही. गोठवून नाही, उकळून नाही, तळून नाही, डबाबंद करूनही नाही. आणि ते बनवणारं विकर (एन्झाइम) जिवाणूंपेक्षाही चिवट असतं. गोठलेल्या अवस्थेत ते टिकून राहतं आणि मासा वितळला की जिवाणूंची संख्या वाढायच्या आधीच पुन्हा कामाला लागू शकतं. म्हणून बांगडा वितळवून ओट्यावर ठेवणं हे पांढऱ्या मांसाच्या माशापेक्षा कितीतरी जास्त जोखमीचं आहे.

हिस्टामिनला स्वतःचा वास नसतो. मासा दिसायला आणि वासाला ठीक असूनही त्यात ते असू शकतं. शिवाय ते सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं: डोक्याकडच्या, पोटाजवळच्या भागात जास्त आणि शेपटीकडे कमी. एकाच पाकिटातला एक मासा निर्धोक आणि शेजारचा बाधणारा, असंही होतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात सुरक्षिततेसाठी एका किलोला २०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण ती प्रयोगशाळेत तपासायची गोष्ट आहे, स्वयंपाकघरात नव्हे. घरी एवढंच कळतं की खाताना जीभ चुरचुरली किंवा नसलेल्या मिऱ्याचा तिखटपणा जाणवला, तर घास तिथेच थांबवावा. बाधा झाली तर काही मिनिटांपासून तास-दोन तासांत तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात, कधी मळमळ आणि जुलाब होतात. बहुतेकांना दिवसभरात बरं वाटतं, पण श्वास लागला किंवा चक्कर आली तर थांबू नका, दवाखाना गाठा. पुष्कळदा ही माशाची ॲलर्जी समजली जाते आणि माणूस जन्मभर मासे सोडून देतो. प्रत्यक्षात दोष त्या एका माशाच्या हाताळणीत असतो.

तर बांगड्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न १४ महिन्यांचा नाही. ते कुठून आले, बर्फात होते का, आणि विकत घेतल्यापासून फ्रीझरमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला, हे आठवतंय का? आठवत असेल आणि उत्तर समाधानकारक असेल तर पुढे बोलू. घरी आणून संध्याकाळपर्यंत पिशवीत राहिले होते, असं आठवत असेल तर टाकून द्या. त्यासाठी वास घेऊन पाहण्याचीही गरज नाही.

चवीचं काय होतं ते समजून घेतलं की तुमची दोन पाकिटं दोन वेगळ्या मार्गांनी म्हातारी का होतात हे कळेल. बांगड्यासारख्या तेलकट माशाची चरबी फार नाजूक असते. ज्या ओमेगा-३ स्निग्धाम्लांसाठी आपण हे मासे आवडीने खातो, तीच हवेतल्या ऑक्सिजनला सगळ्यात आधी बळी पडतात, आणि ही क्रिया गोठल्यावर मंदावते पण थांबत नाही. म्हणून पोटाकडची कड पिवळट-तांबूस होते आणि जुन्या तेलाच्या डब्यासारखा खवट वास येतो. असा मासा खाल्ल्याने जिवावर बेतत नाही, पण तो खाण्यातही अर्थ नाही. मसाला कितीही घाला, खवटपणा लपत नाही.

पांढऱ्या मांसाच्या माशात चरबी कमी, म्हणून खवटपणाही कमी. तिथे प्रथिनं बदलतात. विशेषतः कॉड, पोलॉक, हेक या कुळातल्या माशांत ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा पदार्थ असतो. गोठलेल्या अवस्थेतही एक विकर त्याचं विघटन करत राहतं आणि त्यातून थोडंसं फॉर्मल्डिहाइड तयार होतं. ते प्रथिनांच्या धाग्यांना एकमेकांशी जखडून टाकतं. मग शिजवल्यावर मांस पाकळ्या-पाकळ्यांनी सुटत नाही, चिवट आणि चोथट लागतं, चावलं की पाणी बाहेर येतं आणि तोंडात कोरडा तंतू राहतो. हे फॉर्मल्डिहाइड कुणी बाहेरून घातलेलं नसतं, त्याचं प्रमाण अल्प असतं आणि बरंचसं प्रथिनांतच अडकून जातं, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नका.

पांढऱ्या पडलेल्या कडांना आमच्याकडे फ्रीझर बर्न म्हणतात. फ्रीझरची हवा कोरडी असते, त्यामुळे माशाच्या उघड्या पृष्ठभागावरचा बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो आणि तिथलं मांस सुकून भुसभुशीत होतं. ती बुरशी नाही आणि त्यात विषही नाही. तेवढा भाग सुरीने काढून टाकायचा आणि बाकीचा वापरायचा. अर्धीअधिक तुकडी तशी झाली असेल तर मात्र श्रम वाया जातील. कारखान्यात माशावर पाण्याचा पातळ बर्फाळ लेप चढवतात तो यासाठीच: हवा आधी तो बर्फ उडवते, मासा नाही. घरी हेच करता येतं. मासा उघडाच गोठवायचा, मग अगदी थंड पाण्यात बुडवून लगेच परत ठेवायचा, असं दोन-तीनदा केलं आणि मग हवा काढून घट्ट बांधला, की टिकण्यात फार मोठा फरक पडतो.

महिन्यांचा हिशोब हवाच असेल, तर ढोबळमानाने उणे १८ ला तेलकट मासा ३ ते ४ महिने चांगला लागतो आणि पांढरा ६ ते ८. हेच मासे मोठ्या शीतगृहात उणे ३० ला ठेवले तर तेलकट वर्षभर आणि पांढरा दोन वर्षंही राहतो. कच्चा खायच्या उत्तम प्रतीच्या कुप्याचा लाल रंग टिकावा म्हणून तो उणे ६० ला ठेवतात. साध्या फ्रीझरमध्ये तोच मासा काही आठवड्यांत तपकिरी पडतो. तेव्हा नुसत्या महिन्यांना काही अर्थ नाही, त्यांच्यासोबत तापमान सांगायला हवं.

आणि घरातलं तापमान बहुतेकांना ठाऊक नसतं. फ्रीझरच्या दारावर किंवा आत चांदण्यांची खूण असते ती बघा. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. लहान फ्रिजच्या आतला बर्फाचा कप्पा बहुधा एका किंवा दोन चांदण्यांचा असतो. उणे ६ ला मासा हाताला दगडासारखा लागतो, पण तिथे काही बुरशा आणि यीस्ट सावकाश वाढू शकतात, आणि विकरांचं काम तर उणे १८ पेक्षा कितीतरी वेगाने चालतं. अशा कप्प्यात मासा १४ महिने राहिला असेल तर माझ्याकडून विषय तिथेच संपला, टाकून द्या. एक साधा थर्मामीटर घेऊन रात्रभर पाकिटांच्या मधे ठेवा. सकाळी मिळणारा आकडा कुठल्याही तक्त्यापेक्षा उपयोगी आहे.

आता पाकीट हातात घेऊन बघायचं. मी पहिल्यांदा बर्फ पाहतो. पाकिटाच्या आतल्या बाजूला सुटा, बारीक, हिमासारखा चुरा असेल तर तापमान वर-खाली होत राहिलं आहे. आपोआप बर्फ काढणाऱ्या फ्रीझरमध्ये हे व्हायचंच, कारण तो ठरावीक वेळाने आतून किंचित तापतो. हा चुरा म्हणजे माशातूनच निघालेलं पाणी. मासा कोरडा लागणार हे समजून घ्यायचं, पण घाबरायचं कारण नाही. याउलट पाकिटाच्या एका कोपऱ्यात सपाट, पारदर्शक किंवा गुलाबीसर बर्फाची लादी जमली असेल, मासे एकमेकांना चिकटून वाकले असतील, त्यांच्यावर खालच्या जाळीचे किंवा शेजारच्या डब्याचे वळ उमटले असतील, तर मासा पूर्ण वितळून, पाणी सोडून, पुन्हा गोठला आहे. कधी वितळला आणि किती वेळ तसा राहिला हे कळायला मार्ग नाही. असं पाकीट बांगड्यांचं असेल तर मी दुसरा विचारही करत नाही.

वीज गेल्यावर काय, हाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला सुमारे २४ तास. वीज आल्यावर माशात अजून बर्फाचे कण हाताला लागत असतील तर परत गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरेल. मऊ झालेला मासा ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिला असेल तर टाकायचा. बाहेरगावी जाताना एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवण्याची युक्ती चांगली आहे: परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर सगळं वितळलं होतं हे नक्की. पण नाणं वरच असलं म्हणजे तापमान वर-खाली झालंच नाही, असा अर्थ काढू नका.

इथपर्यंत पाकीट टिकलं तर ते रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटात ठेवून वितळवायचं. घाई असेल तर न गळणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलत. कोमट पाणी नको, ऊन नको. पाकीट हवा काढून सीलबंद केलेलं असेल तर वितळवायच्या आधी ते कापून उघडा. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूचा एक प्रकार हवा नसलेल्या जागी, अगदी ३-४ अंशांच्या थंडीतही वाढून विष तयार करू शकतो. फ्रीझरमध्ये तो गप्प असतो. धोका वितळलेलं बंद पाकीट फ्रिजमध्ये पडून राहण्यात आहे. ही सूचना पुष्कळ पाकिटांवर बारीक अक्षरांत छापलेली असते आणि कुणी वाचत नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

वितळल्यावर नाक लावा. समुद्राचा, हलका माशाचा वास चालेल. नाकात झोंबणारा अमोनियाचा, आंबूस किंवा कुजका वास आला, मांस बुळबुळीत लागलं किंवा बोटाने दाबल्यावर पिठासारखं फिसकटलं, तर संपलं. कोळंबीबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो: तिच्या डोक्याकडे आणि सालीच्या सांध्यांवर काळे डाग पडतात ते कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच प्रकारच्या क्रियेने. नुसत्या डागांवरून कोळंबी टाकू नका, वास बघा.

कच्च्या माशाच्या वासावरून ठरत नसेल तर आम्ही करतो ती परीक्षा करा. बोटभर तुकडा घ्या, मीठ-मसाला काही नको, झाकण असलेल्या छोट्या भांड्यात वाफेवर शिजवा. झाकण उचलताच पहिल्या वाफेचा वास घ्या, मग किंचित चाखून थुंकून टाका. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या टॉरी संशोधन केंद्राने अशा शिजवलेल्या माशाला १० पासून ३ पर्यंत गुण देण्याची पद्धत बसवली आणि ती अजून वापरात आहे. घरी गुण देण्याची गरज नाही. वाफ गोडसर किंवा निर्गुण असली तर ठीक, खवट किंवा आंबट असली तर नाही. तोंडात चोथा होत असला तरी खाण्यास सुरक्षित आहे, फक्त तुकड्या तळून मजा येणार नाही. त्या रश्श्यात घाला किंवा कुस्करून कटलेट करा. पण या परीक्षेने हिस्टामिन कळत नाही, एवढं बांगड्यांच्या बाबतीत विसरू नका.

शिजवताना मासा मधोमध ६३ अंशांपर्यंत तापायला हवा. मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटतं ती खूण. घरात गर्भवती, तान्हं मूल, फार वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर त्यांच्या ताटात असा संशयातून पार पडलेला मासा वाढू नका. त्यांना ताजा आणा. कच्चं किंवा अर्धकच्चं खायचं असेल तर घरच्या फ्रीझरवर भिस्त ठेवू नका. माशातले ॲनिसाकिससारखे कृमी मारायला उणे २० अंशांना पूर्ण सात दिवस लागतात आणि बहुतेक घरगुती फ्रीझर तिथे खात्रीने पोचत नाहीत.

तुमच्या दोन पाकिटांपुरतं माझं मत असं. फ्रीझर तीन चांदण्यांचा असेल आणि बर्फाची लादी नसेल, तर पांढऱ्या तुकड्यांच्या सुकलेल्या कडा कापून त्या वाफेच्या परीक्षेला लावा. त्यातल्या बऱ्याचशा पास होतील आणि रश्श्यात चांगल्या लागतील. बांगडे मी टाकून देईन. १४ महिन्यांत ते खवट झालेच असणार, आणि आधीच्या हाताळणीची खात्री नसताना चव गेलेल्या माशासाठी हिस्टामिनची जोखीम घेण्यात काहीच शहाणपण नाही. पांढऱ्या तुकड्यांपैकी जेवढ्या वितळवाल तेवढ्या त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शिजवा. उरलेल्या शिजवलेल्या माशाचं पाकीट परत फ्रीझरमध्ये टाकलंत तर त्यावर माशाचं नाव आणि तारीख पक्क्या शाईने लिहा.